हाय-रेझोल्यूशन प्लेअर घ्यायचा की बनवायचा? सुरुवात कानातल्या इअरफोनपासून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी वडील आणि तुम्ही दोघंही शास्त्रीय संगीत ऐकता. ४० हजार रुपयांपर्यंत खर्चाची तयारी आहे. इंटर्नशिपसाठी पुण्यात कर्वेनगर ते हिंजवडी असा रोजचा बसप्रवास आहे. खोक्यावर '३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ' लिहिलेला प्लेअर घेतला तर तंबोरा खरंच जास्त चांगला ऐकू येईल का, की फोनलाच एखादा छोटा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं उपकरण) जोडावा? आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, तर असा प्लेअर स्वतः बनवायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी?

गेली बावीस वर्षं मी बॅटरीवर चालणाऱ्या ऑडिओ उपकरणांची सर्किटं डिझाइन करतोय. घ्यायचा असो वा बनवायचा, विचार कानाकडून मागे येत करायचा, असं मला अनुभवाने पटलंय. आधी इअरफोन, मग त्याला लागणारा व्होल्टेज, मग अँप्लिफायर, मग त्याचा पॉवर सप्लाय आणि सगळ्यात शेवटी डॅक, म्हणजे आकड्यांची विजेची लहर करणारी चिप. दुकानात मात्र बोलणं त्या चिपपासूनच सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं.

खोक्यावरच्या आकड्यांचा विषय आधी संपवू. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा. नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी त्यातून परत मिळतो, म्हणजे जवळपास २२,००० हर्ट्झपर्यंत. निरोगी तरुण कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येत जाते. १६ बिटमध्ये सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर मावतं. रात्री शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, तेव्हा ऐकण्यासाठी ही जागा भरपूर आहे. २४ बिटचा खरा उपयोग ध्वनिमुद्रण करताना होतो. गायक तार सप्तकात अचानक किती जोर लावील हे आधी माहीत नसतं, म्हणून ध्वनिमुद्रक वर मोकळी जागा सोडतो, आणि २४ बिट असले की ती सोडूनही खालचे बारकावे हरवत नाहीत. ३२ बिटचं म्हणाल तर आजची उत्तमातली उत्तम डॅक चिप १३० डेसिबलच्या आसपास पोहोचते, म्हणजे २१-२२ बिट. त्याखालचे बिट रेझिस्टरमधल्या उष्णतेने तयार होणाऱ्या आवाजात बुडतात.

यावर मोजमापंही झाली आहेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन ध्वनी कधी थेट, तर कधी सीडीच्या दर्जाच्या साखळीतून नेऊन ऐकवला. ५५४ चाचण्यांत श्रोत्यांनी २७६ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवून जेवढं जमेल तेवढंच. २०१६ मध्ये राइस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बरोबर ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये ते जास्त होतं. फरक शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण पुढे ज्या गोष्टी सांगतोय, त्यांच्या तुलनेत तो फार लहान आहे.

तुमच्या वडिलांच्या संग्रहात जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या फाइली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण येईपर्यंत कलाकार भोंग्यासमोर गात असत, आणि त्या तबकड्यांमध्ये मानवी श्रवणाच्या वरच्या टप्प्यातलं फारसं काही उतरलेलंच नाही. अशी तबकडी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर जतन करणं योग्यच आहे. ओरखड्यांचे टकटक आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यामुळे मदत होते. ऐकायला मात्र सीडीच्या दर्जाची प्रत पुरते. एक तासाची मैफल सीडीच्या दर्जात दाबून न ठेवता साधारण ६३५ मेगाबाइट होते, २४/९६ वर दोन गिगाबाइट आणि २४/१९२ वर चार. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवली तर काहीही न गमावता हा आकार बराच कमी होतो. विकत घेतलेली 'हाय-रेझोल्यूशन' फाइल खरी आहे का हे पाहायचं असेल, तर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या कंपनसंख्या आहेत ते दाखवणारं चित्र, उघडा. २२ किलोहर्ट्झवर चित्र सुरीने कापल्यासारखं संपत असेल, तर ती बहुधा सीडीवरूनच फुगवलेली आहे.

आता इअरफोनकडे येऊ, कारण खरा फरक इथे पडतो.

समजा तुमचा इअरफोन १६ ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला ११० डेसिबल आवाज देतो. हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. गाण्यातल्या एखाद्या क्षणिक शिखरासाठी ११५ डेसिबल धरले, तरी त्याला तीन मिलिवॅटच्या थोडं वर शक्ती लागते, म्हणजे अवघा पाव व्होल्ट. आता घरी बसून ऐकायचा मोठा हेडफोन घ्या: ३०० ओहम, एका मिलिवॅटला ९७ डेसिबल. तेवढ्याच शिखरासाठी त्याला ६३ मिलिवॅट आणि जवळपास साडेचार व्होल्ट हवेत. हा फरक अठरा-एकोणीस पट व्होल्टेजचा आहे. दोन्हींसाठी सारखाच उत्तम असा प्लेअर बनवणं फार अवघड असतं, कारण साडेचार व्होल्ट देण्यासाठी वाढवलेला गेन (अँप्लिफायर व्होल्टेज जितक्या पट वाढवतो तो आकडा) इअरफोनमध्ये सळसळ आणतो.

त्या सळसळीचाही हिशेब करता येतो. वरचा इअरफोन एका व्होल्टला १२८ डेसिबल आवाज देईल. अँप्लिफायरचा स्वतःचा आवाज १० मायक्रोव्होल्ट असेल, तर तो १०० डेसिबल खाली, म्हणजे कानात २८ डेसिबलने ऐकू येईल. इअरफोनने बाहेरचं सगळं अडवलेलं असतं, त्यामुळे ही सळसळ स्पष्ट जाणवते. हाच आकडा २ मायक्रोव्होल्टवर आणला, तर कानात १४ डेसिबल उरतात आणि सळसळ जवळपास नाहीशी होते. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसते तंबोरे चालू असतात. जवारीतून, म्हणजे तारांच्या झंकारातून, निघणारे वरचे स्वर विरत जातात, त्यांची शेपटी शांततेत मिसळते. ती शेपटी ऐकू येते की सळसळीखाली जाते, हे या मायक्रोव्होल्टांवर ठरतं. तुमच्या तंबोऱ्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. ७६८ किलोहर्ट्झने तंबोरा सुधारत नाही, शांत अँप्लिफायरने सुधारतो.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्लेअरच्या आत इअरफोनच्या आधी येणारा रोध. विक्रेते याबद्दल क्वचितच बोलतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या इअरफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एखाद्याचा तो कुठे ८ ओहम, तर कुठे ४० ओहम असतो. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम असेल, तर ८ ओहमच्या जागी आवाज ७ डेसिबलने पडतो आणि ४० ओहमच्या जागी फक्त २ डेसिबलने. म्हणजे स्वरांच्या तोलात पाच डेसिबलचा फरक झाला. डग्ग्याची घुमक कमी होते किंवा सारंगी कर्कश होते. हाच आउटपुट इम्पिडन्स १ ओहमवर आणला, तर फरक एका डेसिबलच्या आत राहतो. 'हा प्लेअर गरम वाजतो', 'तो थंड वाजतो' अशी वर्णनं मी अनेकदा ऐकली आहेत, आणि श्रेय चिपला दिलं जातं. मापून पाहिल्यावर बऱ्याचदा हाच रोध सापडला. इअरफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स कमी असावा, हा जुना ठोकताळा आजही चालतो; १६ ओहमला २ ओहमच्या आत.

हे घरी मोजता येतं. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात रुपया-दोन रुपयांत ३३ ओहमचा रेझिस्टर मिळतो. १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवा आणि साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्टेज आधी मोकळ्या आउटपुटवर, मग तो रेझिस्टर जोडून मोजा. १०० हर्ट्झ अशासाठी, की स्वस्त मल्टिमीटर ४००-५०० हर्ट्झच्या वर खात्रीचे नसतात. आधी ०.५०० व्होल्ट आणि नंतर ०.४८५ आले, तर पहिल्याला दुसऱ्याने भागा, एक वजा करा, ३३ ने गुणा: १ ओहम. आवाज आधी कमी ठेवा, आणि मोजताना इअरफोन जोडलेला नसावा.

४.४ मिलीमीटरच्या बॅलन्स्ड जॅकबद्दल विचारलंत. त्यात प्रत्येक कानाला दोन अँप्लिफायर एकमेकांच्या उलट चालतात, म्हणून व्होल्टेज दुप्पट मिळतो. मोठ्या ३०० ओहमच्या हेडफोनला तो उपयोगी आहे. पण आउटपुट इम्पिडन्सही दुप्पट होतो आणि अँप्लिफायरची सळसळ तीनेक डेसिबलने वाढते. वरच्यासारख्या संवेदनशील इअरफोनला साधा ३.५ मिलीमीटरचा जॅकच बरा.

ब्लूटूथवर ऐकणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तेव्हा प्लेअरमधला डॅक आणि अँप्लिफायर दोन्ही वापरातच नसतात. आकडे हवेतून इअरबडमध्ये जातात आणि तिथलाच इवलासा डॅक ते वाजवतो. एलडॅक या ब्लूटूथवरून ध्वनी पाठवायच्या पद्धतीची कमाल मर्यादा सेकंदाला ९९० किलोबिट, तर न दाबलेल्या सीडीचा वेग १४११. बसमध्ये हे खुशाल चालतं. आतला आवाज सहज ७५-८० डेसिबलपर्यंत जातो, आणि तिथे बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन कुठल्याही बिटपेक्षा मोलाचा. गोंगाट अडला नाही की हात आपोआप आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानते. रोज दोन-अडीच तास ९० डेसिबलने ऐकलं, तर तिशीतच कान थकतील, आणि मग पुढचं काहीच उपयोगाचं राहत नाही. हे मी फार मनापासून सांगतोय.

तेव्हा खरेदीचं माझं मत असं. प्रवासासाठी फोन आणि नॉइज कॅन्सलिंग इअरफोन. घरी तुमच्यासाठी फोन किंवा लॅपटॉपला लागणारा छोटा यूएसबी डॅक, ज्याचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहमच्या आत आहे आणि जो तुमच्या इअरफोनवर पूर्ण शांत आहे. असे डॅक दोन-तीन हजारांपासून मिळतात. उरलेल्या पैशांचा मोठा वाटा चांगल्या हेडफोनवर घाला. अँड्रॉइड १४ पासून यूएसबीवर फाइल जशीच्या तशी बाहेर काढायची सोय आली आहे. त्याआधीच्या फोनवर बहुतेक अ‍ॅप सगळं ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पाठवतात.

स्वतंत्र प्लेअर मात्र वडिलांसाठी घेण्यासारखा आहे. फोन मध्येच वाजत नाही, मेसेज येत नाहीत, बटणं बोटांना सापडतात. त्यांच्यासाठी निवडताना मी चिपचं नाव पाहणार नाही, तीन वेगळ्याच गोष्टी पाहीन. पहिली म्हणजे गॅपलेस, म्हणजे एका फाइलमधून दुसरीत खंड न पडता जाणं. बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत हे सलग दोन ट्रॅक असतात. मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली की तंबोरा तुटतो आणि रागाने तयार झालेलं वातावरण विस्कटतं. दुकानात ही एक जोडी वाजवून बघाच. दुसरी गोष्ट देवनागरी. स्वतःचं साधं फर्मवेअर असलेल्या कित्येक छोट्या प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, नाहीतर नुसते चौकोन दिसतात. कार्डावर 'विलंबित', 'श्रीखंडे', 'ज्ञान', 'मिश्र' अशा नावांच्या चार फाइली घेऊन जा, अर्ध्या मिनिटात निकाल लागेल. ज्यांना 'भीमपलास' शोधायचा आहे त्यांना इंग्रजी स्पेलिंगचे तीन पर्याय आठवत बसावं लागू नये. मी स्वतः रागाचं नाव 'जॉनर'च्या रकान्यात भरतो, कारण तिथे सगळीकडे 'इंडियन क्लासिकल' लिहून काहीच साधत नाही. त्यामुळे एका बटणावर सगळे यमन एकत्र दिसतात.

तिसरी गोष्ट बॅटरी. प्लेअरचं आयुष्य बहुतेक वेळा बॅटरीच ठरवते. ती गोंदाने चिकटवलेली असेल आणि पुण्यात बदलून देणारा कोणी नसेल, तर तीन-चार वर्षांनी उत्तम सर्किट कपाटात पडून राहतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत तर तो कधीच ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही लवकर मारत नाही.

आता बनवण्याकडे वळू, आणि इथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

मी पहिला प्लेअर बनवला तेव्हा कागदावर सगळं उत्तम होतं. बोर्ड जुलैत तयार झाला. संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालायचा, म्हणून शांत ऐकण्याच्या चाचण्या रात्री अकरानंतर. एका विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, फक्त तंबोरे चालू असताना, दर सहा सेकंदांनी एक बारीक 'चिर्र' ऐकू यायचं. गाणं सुरू झालं की ते झाकलं जायचं. पुन्हा शांतता आली की पुन्हा चिर्र. चिप बदलली, घड्याळाचा क्रिस्टल बदलला, काही उपयोग झाला नाही. चौथ्या रात्री बफरचा, म्हणजे वाचलेला डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेचा, आकार दुप्पट केला आणि ते 'चिर्र' बारा सेकंदांवर गेलं. तेव्हा कळलं की दोषी मेमरी कार्ड आहे.

कार्ड सतत वाचलं जात नाही. बफर रिकामा होत आला की एकदम बराच डेटा ओढला जातो, आणि त्या क्षणी कार्ड शंभर मिलिअँपिअर किंवा जास्त करंट घेतं. माझ्या बोर्डवर तो करंट बॅटरीकडे परतताना अँप्लिफायरच्या ग्राउंडखालून जात होता. सामाईक तांब्याचा रोध एका मिलिओहमचा दहावा हिस्सा जरी धरला, तरी शंभर मिलिअँपिअरला १० मायक्रोव्होल्ट तयार होतात. वर हिशेब केलेले, कानात २८ डेसिबलने ऐकू येणारे तेच १० मायक्रोव्होल्ट. घाईत मी ग्राउंड प्लेन (करंट परत नेणारा तांब्याचा थर) कापून दोन भाग केले, तर आवाज वाढला, कारण करंटला आता लांबचा वळसा पडला. शेवटी प्लेन अखंड ठेवलं, कार्डाचा सॉकेट बॅटरीच्या बाजूला नेला, त्याला लागूनच मोठा कपॅसिटर दिला, आणि इअरफोनचा जॅक विरुद्ध टोकाला. चिर्र गेलं. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक बोर्डवर सर्किटच्याही आधी कागदावर एकच चित्र असतं: कुठला करंट कुठून येतो आणि कुठल्या वाटेने परत जातो.

तुम्हीही तसंच करा. आधी एक इअरफोन ठरवा, त्याचा कमाल व्होल्टेज आणि चालण्यासारखी सळसळ मायक्रोव्होल्टमध्ये लिहा. त्याला पुरेल एवढाच गेन ठेवा. अँप्लिफायरच्या सप्लायकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. बॅटरी ४.२ व्होल्टपासून उतरत जाते, तिच्यातून धन आणि ऋण सप्लाय करायला स्विचिंग कन्व्हर्टर लागतोच. त्याची कंपनसंख्या ऐकण्याच्या पट्ट्याच्या बरीच वर ठेवा आणि त्यामागे कमी आवाजाचा रेग्युलेटर द्या. घड्याळाचे क्रिस्टल दोन घ्या: ४४.१ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटींसाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झ, आणि ४८ किलोहर्ट्झ व त्याच्या पटींसाठी २४.५७६. आपल्या संग्रहातलं बहुतेक संगीत सीडीवरून आलेलं असतं, तेव्हा पैसे वाचवायला एकच क्रिस्टल टाकायचा असेल तर निदान पहिला टाका.

डॅकची चिप कुठलीही नावाजलेली, मध्यम किमतीची चालेल. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथला एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला आणि जगभरच्या प्लेअर उत्पादकांना घाईने दुसऱ्या चिपकडे वळावं लागलं. तेव्हा डॅकचा भाग बोर्डवर असा वेगळा ठेवा की उद्या चिप बदलली तरी अँप्लिफायर आणि सप्लायला हात लावावा लागणार नाही. रेझिस्टरच्या शिडीचा डॅक पहिल्या प्रयत्नात करू नका. १६ बिटसाठी वरच्या पायरीची अचूकता ०.००१५ टक्क्यांच्या घरात लागते आणि बाजारातले एक टक्क्याचे रेझिस्टर त्याच्या जवळपासही जात नाहीत.

मोजमापासाठी महागडा अ‍ॅनलायझर नको. बरा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर यावर विकृती (डिस्टॉर्शन) आणि स्वरांचा तोल दोन्ही कळतात. अँप्लिफायरची सळसळ मोजायला मात्र मध्ये शंभर पटीचा एक शांत प्रीअँप बनवून घ्या, नाहीतर इंटरफेसचाच आवाज मोजला जाईल.

आणि सगळे आकडे जुळले तरी एक चाचणी कानाने करा. तंबोऱ्याची सलग दहा मिनिटांची फाइल कार्डावर घ्या, तुमचा सर्वांत संवेदनशील इअरफोन लावा, रात्री अकरानंतर खिडक्या लावून बसा. आधी आवाज अगदी शून्यावर ठेवून फाइल चालू करा आणि एक मिनिट नुसतं ऐका. मग चार्जर जोडून तेच करा, स्क्रीन चालू-बंद करून तेच करा. त्यानंतर आवाज हळूहळू वाढवत, तंबोरा नेमका कुठल्या क्षणी ऐकू यायला लागतो आणि त्याच्याआधी दुसरं काही ऐकू येतं का, ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या बोर्डवर काय बदलायचं ते त्या वहीतून ठरवा.